मधल्या पानावरची गाठ

काचेमागच्या मुलीचा अंगठा पासपोर्टच्या मधल्या पानावर थांबला, आणि बाइंडरचा जीव सुईच्या नेढ्यात अडकला. पासपोर्ट तिनं उघडला होता तोच मुळी पत्ते पिसावेत तसा, पानं फर्रकन सोडत. आधी पुठ्ठा, मग अस्तर, मग पहिलं पान, अशी पुस्तकाच्या घरात शिरायची एक रीत असते, उंबऱ्यावर पाय पुसल्यासारखी. ही बया सरळ स्वयंपाकघरात. असं पुस्तक हाताळणाऱ्याला त्यानं आपल्या दुकानात पाणीसुद्धा विचारलं नसतं. नखांना जांभळा रंग, तोही कडांना उडालेला. स्वतःची दहा नखं जिला नीट रंगवता येत नाहीत ती दुसऱ्याचे कागद तपासणार, असं तो मनातल्या मनात म्हणतच होता, तेवढ्यात तो अंगठा मागं गेला, पुढं आला, आणि भातात खडा लागावा तसा परत त्याच जागी ठरला. मुलीनं मान वर केली. सकाळपासून तिनं मान वर केली ती ही पहिल्यांदा.

"काका, हे कोणी शिवलंय?"

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी त्याला हा प्रश्न शेकडो वेळा विचारला होता आणि दर वेळी त्याची छाती बोटभर फुगली होती. आज तोच प्रश्न काचेतल्या गोल भोकांमधून गाळून आला आणि छातीच्या जागी नुसता सदरा राहिला.

"का? सुटलंय का कुठं?"

"सुटलं असतं तर बरं होतं," ती म्हणाली. "बसा तिकडं. सरांना दाखवते. टोकन हरवू नका."

तो बसला. खुर्च्या एकमेकींना लोखंडी दांडीनं जखडलेल्या, म्हणजे एकानं पाय हलवला की सहा जणांची बुडं हलायची. पलीकडच्या टोकाला कोणी तरी सारखा पाय हलवत होता. देशोदेशी जायला निघालेली ही माणसं, आणि सगळ्यांच्या मांडीवर एकेक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि कागद सुटे. सुटेच पाहिजेत. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कागदपत्रे सुटी आणावीत, टाचणी, पिन, फाइल, बांधणी चालणार नाही. बांधणी चालणार नाही! ज्याच्या बापानं बांधणी केली, आज्यानं बांधणी केली, त्याला या देशांतराच्या दारात पहिली अट ही. सुटा कागद म्हणजे काय, हे या लोकांना कोण सांगणार? सुटा कागद म्हणजे लग्नघरातलं लहान मूल. पाठ फिरली की गेलंच. बाइंडरनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं: शेजारच्या गृहस्थाचं एक पान खुर्चीखाली घसरलं होतं, आमंत्रणपत्राचं दुसरं पान, आणि गृहस्थ छताकडं पाहून तोंडातल्या तोंडात उत्तरं पाठ करत होता. सांगावं का? नाही सांगितलं. नियम आहे ना सुट्याचा, मग भोगा. मग त्याचं त्यालाच कसंसं झालं, त्यानं चपलेच्या टोकानं ते पान पुढं ढकललं आणि म्हणाला, "तुमचं पान पडलंय." गृहस्थ दचकून म्हणाला, "थँक्यू हं." तेवढ्यानंही बाइंडरला त्याचा राग आला.

रागाचं त्याला वावडं नव्हतं. लहानपणीच आक्कानं त्याचं नाव दाभण ठेवलं होतं. दाभण म्हणजे पुठ्ठ्याला भोक पाडायची जाड सुई. तिला धार नसते, नुसतं टोक असतं. "आमचा दाभण कुठं नुसता बोलतो? टोचतो," आक्का म्हणायची. बायको मात्र इतकी काव्यमय नव्हती. आज सकाळी घरातून निघताना तिनं दारात उभं राहून सांगितलं होतं, "हे बघा, तुमची जीभ तेवढी घरी ठेवून जा. तुम्हाला एक वेळ व्हिसा मिळेल, तिला मिळायचा नाही."

"मी कुणाला काय बोलतो?"

"काही नाही हो. फोटोवाल्याला काय म्हणालात परवा?"

फोटोवाल्याला तो एवढंच म्हणाला होता, की तुझ्या दुकानातला आरसा काढून टाक, लोक घाबरून पळतात. झालं असं होतं, की फोटोवाल्यानं नियम वाचून दाखवले होते: हसायचं नाही, दात दिसायचे नाहीत, दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागं पांढरं. त्या साऱ्या नियमांत न हसण्याचा हा एकच नियम बाइंडरला जन्मतःच जमत होता. पण फोटोवाला म्हणाला, "काका, कपाळाची आठी काढा, चेहरा मोकळा पाहिजे." आठी काढा! जशी काही ती चिकटवलेली आहे. साठीला आलेल्या माणसाची आठी म्हणजे त्याच्या पुस्तकाची दुमड. ती काढायला गेलं तर पान फाटतं.

आणि तो फॉर्म. अकरा पानांचा. एजंटाच्या टेबलाशी बसून भरताना बायको शेजारी होती, म्हणून तो पार पडला. जाण्याचा उद्देश काय? बहिणीला भेटणे. एजंट म्हणाला, "काका, नुसतं भेटणे चालत नाही, पर्यटन लिहू या, लवकर होतं." "मी तिथं डोंगर बघायला चाललो नाही," बाइंडर म्हणाला. बरं. बहीण असल्याचा पुरावा? आक्काचं नाव लग्नात बदललं, गाव बदललं, देश बदलला. जुना जन्मदाखला तिकडंच कुठल्या खोक्यात. त्यानं दुकानातला एक फोटो नेला होता: लाकडी शिकंजा, म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचा स्क्रूचा सांगाडा, त्याच्या दांड्याला लोंबकळणारी दोन पोरं, मुलगी दहाची, मुलगा पाचाचा, दोघांची नाकं अशी की एकाच साच्यातून काढली असावीत. एजंट हसला. "नाक चालत नाही काका, कागद लागतो." आणि मग ते सगळ्यांवर कडी करणारं कलम: तुम्ही परत याल याचा पुरावा जोडा. "पुरावा काय जोडायचा?" बाइंडरनं विचारलं. "बायको आहे म्हणून सांगू?"

"सांगा की," बायको म्हणाली. "म्हणतील, हे तर पळून जायचं कारण झालं."

एजंट खो खो हसला, बायको हसली, बाइंडर हसला नाही. त्याला खरंच प्रश्न पडला होता. माणूस परत येतो याला पुरावा काय असतो? आक्का परत येणार होती. "दोन वर्षं जाते आणि येते" असं म्हणाली होती. अडतीस वर्षं झाली त्याला.

आक्का बसायची ती दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, चटईवर. छापून आलेले मोठमोठे कागद तिच्या डाव्या हाताला रचलेले. एकेक ओढायची, दुमडायची, हाडाच्या पट्टीनं घडी दाबायची, परत दुमडायची. कागदाचा फर्मा, म्हणजे शिवायची जुडी, झाला की उजवीकडं. तिच्या हाताला डोळे होते. पानाचा आकडा पानाच्या आकड्यावर बसला की नाही हे ती बघायची नाही, बोटानं ओळखायची. आणि तोंडानं ओव्या. कोणी शिकवलेल्या नाहीत, कुठल्या पुस्तकातल्या नाहीत. कागदाच्या आवाजाला आवाज देत तिच्या तिनंच जोडलेल्या:

घडीवरी घडी बाई, हाडाच्या पट्टीनं दाबीते
दूर जाईल गं पान, दोऱ्यानं मी धरून ठेवीते

ती दुमडायची, तो शिवायचा. बाबा फक्त बघायचे. बाबांचा एकच नियम होता आणि तो आक्कानं त्याच्या हातात पट्टी मारमारून बसवला: गाठ मधल्या पानावर ठेवायची नाही. गाठ पाठीत घ्यायची, पुठ्ठ्याखाली, जिथं कोणाचं बोट पोचत नाही. "वाचणारा माणूस गोष्टीत गुंगलेला असतो रे दाभणा," ती म्हणायची, "मध्येच त्याच्या अंगठ्याला गाठ लागली की त्याला कळतं, हे पुस्तक कोणी तरी शिवलंय. मग कसली गोष्ट आणि कसलं काय." त्या वेळी ते त्याला पटलं नव्हतं. कळलं तर काय बिघडलं? कोणी तरी शिवलंय हे कळायलाच हवं. पण हाताला वळण लागलं ते लागलं.

मग तिला स्थळ आलं, परदेशातलं. माणूस दोन आठवड्यांची रजा घेऊन आलेला, बघून, लग्न करून, कागद करून परत गेलेला. आक्का मागून जाणार. घरभर तिच्या पासपोर्टचं कौतुक. बाबांनी त्या पासपोर्टला निळ्या कापडाचं वेष्टण शिवलं, आतून मऊ अस्तर घातलं. आयुष्यात दुसऱ्या कशाला त्यांनी इतका वेळ घेतला नव्हता. बाइंडर बावीस वर्षांचा होता. त्याला ते सगळं लांडीलबाडीसारखं वाटत होतं. "जा जा," तो आक्काला म्हणाला होता, "तिकडं घडी घालायला माणसं नसतील म्हणून तुला नेतायत." आक्का हसली होती. ती निघाली त्या दिवशी सगळे तिला पोचवायला गेले आणि तो दुकानात थांबला. दोनशे रजिस्टरं द्यायची होती एका शाळेची. रजिस्टरं दोन दिवसांनी दिली असती तरी चाललं असतं. शाळेला सुट्टीच होती.

नंतर आक्का चार वेळा आली. येताना सुया आणायची, चांगल्या पोलादाच्या. दर वेळी म्हणायची, "आता तू ये." आणि दर वेळी तो तेच म्हणायचा, "दुसऱ्याच्या दाराशी उभं राहून आत येऊ का म्हणून विचारायला मी काय भिकारी आहे?" हे वाक्य त्याला फार आवडायचं. पाहुण्यांसमोर म्हणायचा, गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. व्हिसा म्हणजे काय, तर आपण चोर नाही हे चोरांसमोर सिद्ध करणं. हेही त्याचंच. लोक माना डोलवायचे. असं बोलत बोलत अडतीस वर्षं गेली. सुंभ जळून गेला, पीळ काही जाईना.

मग चार महिन्यांपूर्वी भाचीचा फोन आला. आक्काची मुलगी; तिचं मराठी जुन्या पेटीतल्या कपड्यासारखं, चुरगळलेलं पण स्वच्छ. "मामा, आई परवा शेजारच्या घरात जाऊन बसली. म्हणाली, हे माझंच घर आहे." मग थोडं थांबून, "डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळं पुसत जाणार. सकाळी बरी असते. मला ओळखते, तुमचं नाव घेते. वर्षभरानं काय असेल सांगता येत नाही. तुम्ही येऊन जा ना मामा. तिनं ओळखायला हवं ना तुम्हाला." बाइंडरनं फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "पासपोर्टला काय काय लागतं ते विचारून ये." बायकोनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही शिकंजाच बोलला.

आई-बाप गेले, काका-मामा गेले. त्याला तान्हा असताना पाहिलेलं, दाभण म्हणणारं, जगात एकच माणूस उरलेलं. ते माणूस त्याला विसरलं तर तो साठ वर्षांचा एक बाइंडर राहणार, बाकी काही नाही. अकरा पानांच्या फॉर्मात याच्यासाठी रकाना नव्हता.

पासपोर्ट आला तेव्हा पाकिटातून काढून त्यानं तो नाकाशी नेला, मग कानाशी नेऊन उघडला. कुरकुरला. आता कागद बरा होता, खोटं कशाला बोला, पण शिलाई! यंत्राची. टाके सारखे, पण जीव नसलेले. दोऱ्याला ताण म्हणून नाही. पंचवीस माणसांच्या सह्या आणि शिक्के लागलेल्या वस्तूची शिलाई सदऱ्याच्या बटणाइतकी. वर एजंटाकडच्या पोरीनं झेरॉक्स काढताना तो काचेवर पालथा घालून वरून तळहातानं असा दाबला, की बाइंडरच्या पाठीतूनच कळ गेली. घरी येऊन बघतो तर मधल्या पानाशी दोरा सैल, शेवटची दोन पानं नाकावरच्या चष्म्यासारखी घसरलेली. असलं घेऊन आक्काकडं जायचं? ती हातात घेणार. घेणारच, तिच्या हाताला डोळे आहेत. म्हणेल, दाभणा, तुझ्या दुकानातून आलं का हे?

दुपार होती. पुठ्ठे चिकटवायचा सरस गरम करायला ठेवला होता. त्यानं पासपोर्ट पाटावर ठेवला तो नुसता बघायला. मग नुसता दोरा बघायला म्हणून टोक उचललं. मग ते सैल टोक हातात आलं, आणि हाताला जे चाळीस वर्षांचं वळण होतं त्यानं डोक्याला काही विचारलंच नाही. दोरा निघाला, नऊ जोडपानं मोकळी झाली. त्यानं ती एकावर एक बसवली, घडीला पट्टी लावली, तागाचा दोरा मेणावरून दोनदा ओढला. जुनीच भोकं घेतली, एकही नवं पाडलं नाही; एवढी त्याला अक्कल होती. मधून बाहेर, बाहेरून आत, आवळत आवळत. किती दिवसांनी इतकं लहान काम हातात आलं होतं. पाठीमागं घडी घालणारं कोणी तरी बसलंय असं त्याला वाटत राहिलं, आणि त्यानं दोन ओळी गुणगुणल्याही. शेवटी गाठीची वेळ आली. हे पुस्तक पुठ्ठ्यासकट आरपार शिवलेलं. गाठ पाठीत लपवायला जागा नाही. जागा करता आली असती. पुठ्ठ्याचा कणा वाफेवर सोडवायचा, गाठ आत दाबायची, परत चिकटवायचा. अर्ध्या तासाचं काम. त्यानं पासपोर्टकडं पाहिलं. याला का पुस्तक म्हणायचं? ना यात गोष्ट, ना गाणं. शिक्के मारायची वही. हिचं मधलं पान उघडून बोट फिरवत कोण बसणार आहे? त्यानं तोंड वाकडं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गाठ मधल्या पानावर मारली.

"टोकन सत्तेचाळीस!"

आतल्या खोलीतला साहेब तरुण होता, टाय घातलेला. टायची गाठ ढिली आणि एका बाजूला गेलेली. बाइंडरची नजर तिथंच जाऊन बसली. टेबलावर पासपोर्ट मधोमध उघडा पडला होता, वर जांभळा दिवा धरलेला. त्या उजेडात पानांवरची छुपी नक्षी चमकत होती, आणि घडीत त्याचा तागाचा दोरा तेवढा काळा.

"बसा काका," टायवाला म्हणाला. आवाज वाईट नव्हता. "ह्याचा मूळ दोरा ह्या दिव्यात चमकतो. हा चमकत नाही. म्हणजे पुस्तिका कुठं तरी उघडली गेलीय."

"पानं मोजा. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"मोजली. फोटो ठीक आहे, नंबर ठीक आहेत. म्हणूनच तर तुम्हाला आत बोलावलं, नाहीतर बाहेरूनच परत पाठवलं असतं." त्यानं फॉर्म चाळला. "बहिणीला भेटायला?"

"हो."

"आजारी आहेत?"

"मला ओळखते अजून. तेवढ्यात जायचंय."

टायवाल्यानं फॉर्म मिटला. मग एक कोरा कागद त्यानं पुढं सरकवला, वर पेन ठेवलं. "माझीही आजी अशीच गेली," तो म्हणाला. "हे बघा, छापखान्यातून कधी कधी खराब पुस्तिका येतात. परत शिवून पाठवतात. एवढंच लिहून द्या, की मला मिळाली तेव्हापासून ही अशीच आहे. आम्ही ते जोडून पुढं पाठवतो. लेखी असलं की सहसा कोणी अडवत नाही. दोन ओळी आणि एक सही."

बाइंडरनं पेन उचललं. इतकं सोपं होतं. बायकोचं म्हणणं होतं तशी जीभ त्यानं खरोखरच दातांमागं ठेवली होती. 'मी खाली सही करणार,' एवढं त्यानं लिहिलंही, सावकाश, हिशेबी अक्षरात. मनात आलं, हा टायवाला बरा माणूस आहे. मग लगेच मनात आलं, बरा आहे पण टाय बांधता येत नाही. आणि टायवाल्याला वाटलं असावं की म्हातारा घाबरलाय, त्याला धीर द्यावा म्हणून तो पासपोर्टच्या घडीवर बोट आपटत हसून म्हणाला, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? बघितल्याबरोबर कळतंय, यंत्राचाच गोंधळ आहे हा. गाठसुद्धा कशी वेडीवाकडी राहिलीय बघा."

पेन थांबलं.

"कोणाचा?"

"यंत्राचा."

"साहेब," बाइंडर म्हणाला, आणि दातांमागची जीभ बाहेर आली, "असा टाका यंत्राला सात जन्मात जमायचा नाही. ओढून बघा. तुम्ही टेबलासकट उचलले जाल पण हा दोरा सुटायचा नाही. यंत्राचा म्हणे! हे मी शिवलंय. माझ्या हातानं."

टायवाल्याचं तोंड किंचित उघडं राहिलं. त्यानं दाराकडं पाहिलं. दारात ती जांभळ्या नखांची मुलगी फाइल घेऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"काका," टायवाला हळूच म्हणाला, "हे तुम्ही आत्ता काय बोललात ते मला आता लिहावं लागेल."

त्यानं लिहिलं. पुस्तिकेत अर्जदाराने स्वतः फेरफार केल्याचे मान्य. अर्ज स्वीकारता येत नाही. नवा पासपोर्ट काढावा लागेल, त्याआधी चौकशी होईल, जबाब होईल. किती दिवस? आठ महिने, वर्ष. सांगता येत नाही. सांगता येत नाही, हेच डॉक्टर म्हणाला होता. मुलीनं पासपोर्ट आणि सगळे कागद त्याच्या हातात दिले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तुच्छता असेल असं त्याला वाटलं होतं. ती असती तर बरं झालं असतं, तिच्याशी कसं वागायचं हे त्याला ठाऊक होतं. पण मुलगी म्हणाली, "शिलाई खरंच छान आहे काका," आणि खाली बघून निघून गेली.

दारावर जमा केलेला फोन घेऊन तो बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन बसला. ऊन डोक्यावर आलं होतं. म्हणजे तिकडं आता सकाळ. जन्मभर त्यानं तुच्छता वाटली होती, सढळ हातानं, उधारी न ठेवता. आता ती सगळी मोडीत काढून कोणी तरी त्याच्याच मांडीवर आणून ओतली असावी तसं झालं. कोण हा माणूस? दाभण. धार नाही, नुसतं टोक. एक टाका. एका टाक्याची फुशारकी, त्यातही गाठ चुकलेली. वेडीवाकडी नव्हती, पण चुकीच्या जागी होती, आणि ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. टायवाला अर्धा बरोबर होता. त्या अर्ध्यासाठी त्यानं बहीण टाकली.

फोन लागला. भाचीचा चेहरा आला. "झालं, मामा?"

"नाही झालं." त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"मामा, एक सही!" भाचीचा आवाज फुटला. "हो म्हणाला असतात तर काय झालं असतं? कोणाला दाखवायचं होतं तुम्हाला? त्यांना?"

"तिला दे," तो म्हणाला. "उठलीय का?"

चित्र हललं, एक भिंत गेली, खिडकी गेली, मग आक्का. केस बारीक कापलेले, पांढरे. मान तशीच, किंचित डावीकडं झुकलेली, कागद ओढायला निघाल्यासारखी. तिनं पडद्याकडं पाहिलं. पाहत राहिली.

"कोण गं हा?" तिनं लेकीला विचारलं.

"आई, असं काय? तुझा भाऊ. मामा."

"माझा भाऊ एवढा म्हातारा नाही," आक्का म्हणाली. "तो दुकानात आहे."

"आक्का, मी दाभण."

"दाभण दुकानात आहे," ती हट्टानं म्हणाली. "त्याची दोनशे रजिस्टरं व्हायचीत. त्याला यायला वेळ नाही."

बाइंडरनं मांडीवरची पिशवी चाचपली. त्याच्या पिशवीत जन्मदाखला होता, राहण्याचा पुरावा होता, बोटांचे ठसे उमटवल्याची पावती होती, दोन्ही कान दिसणारे चार फोटो होते. यातला कुठलाच कागद तिला दाखवून उपयोग नव्हता. हातात पासपोर्ट तेवढा होता. त्यानं तो मधोमध उघडला आणि फोनसमोर धरला. का धरला, त्यालाही सांगता आलं नसतं.

आक्कानं डोळे बारीक केले. "जवळ आण." त्यानं जवळ आणला. तिचं बोट वर आलं, पडद्यावर टेकलं, घडीवरून खाली सरकलं आणि थांबलं. सगळा चेहरा एका जागी गोळा झाला.

"मेल्या," ती म्हणाली, "गाठ मधल्या पानावर? कितीदा सांगितलं तुला? लाज नाही वाटत? बाबांनी बघायच्या आत उसव ते."

"उसवतो, आक्का."

"मग उसव की. बघत काय बसलायस?"

त्यानं फोन वरच्या पायरीला टेकवून उभा केला, ती दिसेल असा, तिला दिसेल असा. सुई नव्हती, कात्री आत नेऊ देत नाहीत म्हणून घरीच राहिली होती. त्यानं गाठीला नख लावलं. सुटेना, चांगली मारली होती. मग वाकून दात लावले. पहारेकरी दोन पायऱ्या खाली आला, "ओ काका, काय करताय? सरकारी वस्तू आहे ती!" असं काहीसं म्हणाला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून तिथंच उभा राहिला. गाठ सुटली. दोरा सुळकन निघाला, बाहेरून आत, आतून बाहेर. आक्का पडद्यातून बघत होती आणि नकळत गुणगुणत होती, घडीवरी घडी बाई, पुढचं तिला आठवत नव्हतं, तेवढंच परत परत. जोडपानं मांडीवर मोकळी झाली. आता त्याचे सगळे कागद नियमाप्रमाणे सुटे होते.

"हं," आक्का म्हणाली. "आता घे नीट. पाठीत."

"हा दोरा पिंजला आक्का. माझ्याकडं दुसरा नाही."

"नाही?" ती हसली. शिकंज्याच्या दांड्याला लोंबकळताना हसायची तशी. "मग ये की इकडं. माझ्याकडं अख्खं रीळ आहे, बाबांनी दिलेलं." आणि मान डावीकडं झुकवून तिनं विचारलं, "ये ना रे दाभणा. तुला कोणी अडवलंय?"